माळ्यावरचं तेल

गणपतीला तीन आठवडे उरले की रायगड जिल्ह्यातल्या त्या कौलारू घरात माळा उतरवायचा, हा दरवर्षीचा शिरस्ता. भाची शिडीवर, मामा खाली. ती वरून एकेक वस्तू सरकवते, ते झेलून पडवीत मांडतात. यंदा मात्र शिडी लावण्याआधीच भाचीने पडवीच्या फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढली. रेघेच्या डावीकडे खनिज तेलातून आलेलं सगळं, उजवीकडे न आलेलं. डावीकडचं पुढच्या गणपतीला या घरात दिसायला नको, असं तिचं म्हणणं.

मामांनी रेघेकडे पाहिलं आणि शिडी धरली. "तू चढ वर. रेघ किती टिकते ते बघू."

दोघांनाही या विषयावर बोलायचा अधिकार आहे. मामांनी नागोठण्याच्या गॅस क्रॅकरमध्ये पंचवीस वर्षं पाळ्या केल्या. भाची पुण्यात कचरावेचक बायकांबरोबर काम करते. सुक्या कचऱ्यातून निघालेली कुठली पिशवी विकली जाते आणि कुठली कुणी फुकटही नेत नाही, हे तिला तोंडपाठ आहे. एकाने प्लास्टिक जन्मताना पाहिलं, दुसरी ते टाकून दिल्यावर पाहते.

पहिलं उतरलं ते इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत पानं गुंफलेली. आजी लावणीच्या वेळी हे पाठीवर घेऊन वाकायची. पानं आता भुगा झाली होती. भाचीने ते उजवीकडे ठेवलं. त्याच्या शेजारी काळी घोंगडी ठेवली, मग पितळी कंदील.

"कंदील इकडे," मामा डावी बाजू दाखवत म्हणाले.

"पितळ आहे ते, मामा."

"आणि जळायचं काय त्यात?"

रॉकेल. भाचीने कंदील उचलून रेघेवरच ठेवला. मामांना हवी होती ती जागा मिळाली. "तेल घरात शिरलं ते गाडीतून नाही, दिव्यातून," ते सांगू लागले. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला ड्रेक नावाच्या माणसाने विहीर खणली, तेव्हा जगाला हवं होतं ते दिव्याचं तेल. रॉकेल काढून घेतलं की उरायचं ते पेट्रोल. त्याचं काय करायचं ते कुणाला कळेना, म्हणून ते टाकून देत. मोटारी आल्यावर तेच टाकाऊ पेट्रोल सोन्याचं झालं. त्याच टायटसव्हिलला विहिरीच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचायचं. कामगार वैतागायचे, पण भाजलं-कापलं की तेच लावायचे. चेझब्रो नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने ते शुद्ध केलं आणि १८७२ साली पेटंट घेतलं. ते व्हॅसलीन. "तेलाच्या धंद्यात 'टाकाऊ' हा शब्द फार दिवस टिकत नाही," मामा म्हणाले. "आपल्याकडेही तेच. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, मुंबई हायला, तेल लागलं. तेलाबरोबर वायू निघायचा. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला बराच नुसता जाळून टाकत होते. आमचा कारखाना त्या वायूवर उभा राहिला."

तो कसा, हे मामा दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी त्यांच्या आवाजात तीच चमक असते. वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो. तिथे त्यातलं इथेन आणि प्रोपेन वेगळं निघतं आणि नागोठण्याला जातं. भट्टीत वाफेबरोबर ते सोडलं की साडेआठशे अंशांच्या आसपास, एक सेकंदही पुरा होत नाही एवढ्यात रेणू फुटतो आणि इथिलीन तयार होतं. रंग नाही, हातात धरता येत नाही. हजारो रेणू साखळीत ओवले की पांढरे दाणे पडतात, साबुदाण्यासारखे. "ते दाणे मी मुठीत घेऊन बघायचो. यातला कुठला दाणा सलाईनची बाटली होणार आणि कुठला गुटख्याची पुडी, ते त्याच्यावर लिहिलेलं नसायचं."

वरून एक पत्र्याची पेटी आली. पेटीत आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, नाट्यसंगीताच्या. वरची काढताना भाचीच्या हातून निसटली आणि फरशीवर तिचे चार तुकडे झाले. क्षणभर दोघंही गप्प राहिले.

"लाखेची होती," मामा तुकडे गोळा करत म्हणाले. कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे पोसायचे, त्यांच्या राळेत दगडाची भुकटी मिसळून ही तबकडी बनायची. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची लाँग प्ले आली. पडली तरी फुटेना, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजे. लाखेच्या तबकड्या पुढच्या काही वर्षांत मागे पडल्या. "निसर्गातलं होतं म्हणून टिकलं असतं तर हे गाणं आज ऐकता आलं असतं."

"सत्तर वर्षं टिकलं की, मामा. आत्ता माझ्या हातून पडलं," भाची म्हणाली. तिने तुकडे उजवीकडेच ठेवले.

मग आल्या मेणबत्त्यांचा पुडा आणि डांबरगोळ्यांचा डबा. इथे भाषाच दोघांमध्ये आली. मेण म्हणजे मधमाशीचं, पण या मेणबत्त्या पॅराफिनच्या, तेल शुद्ध करताना निघणाऱ्या. डांबरगोळ्या खऱ्याखुऱ्या डांबराच्या नात्यातल्या. नॅफ्थलीन मुख्यतः दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, म्हणून त्यांचं नाव बरोबर. उलट गावाच्या रस्त्यावर ओततात त्याला आपण सगळे डांबर म्हणतो, पण ते आज रिफायनरीच्या तळाशी उरणारं बिटुमेन असतं. शब्द जुने राहिले, आतला माल बदलला. माळा उतरवताना भाचीला हे पहिल्यांदा जाणवलं आणि तिने पुडा हातात धरून दोनदा फिरवला.

"काळी बटणं पण तिकडेच ना?" तिने विचारलं. भिंतीवरून काढून ठेवलेले बेकेलाइटचे जुने स्विच होते.

"१९०७ सालचा शोध तो. तेव्हा फिनॉल कोळशातून यायचं. पुढे तेच तेलातून येऊ लागलं. लोक म्हणतात हत्ती वाचावेत म्हणून प्लास्टिक आलं, हस्तिदंताच्या बिलियर्डच्या गोट्यांऐवजी."

"ते सेल्युलॉइड. १८६९चं. आणि ते कापसापासून होतं, तेलापासून नाही," भाची म्हणाली.

मामा हसले. पोरगी वाचते, याचा त्यांना अभिमान आहे.

एका गाठोड्यात मामांच्या लग्नातला टेरिलीनचा शर्ट निघाला. घडी तशीच, इस्त्रीही जवळजवळ तशीच. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा धागा. साठच्या दशकात आपल्याकडे त्याची अशी हवा होती की नवऱ्या मुलाला टेरिलीन घेतलं म्हणजे घर बरं आहे असं समजत. आज जगात विणल्या जाणाऱ्या धाग्यांपैकी अर्ध्याहून जास्त पॉलिस्टर आहे. इथून जवळच पाताळगंगेला १९८२ पासून पॉलिस्टरचा धागा निघतो. पाण्याची बाटली आणि हा शर्ट रसायनाने सख्खे भाऊ. म्हणूनच भाचीच्या बायका वेचतात त्या बाटल्यांपैकी बऱ्याच पुन्हा बाटली न होता धागा होतात, उशीत किंवा गोधडीत भरायला जातात.

"तीन पिढ्या हा शर्ट घालतील," मामा म्हणाले.

"घालत कुणीच नाही, मामा. आणि आता बाजारात मिळतात ते असे नसतात. दोन सण झाले की फेकतात. धुताना बारीक तंतू सुटतात, नाल्यातून खाडीत जातात. कापसाचा तंतू कुजतो, हा कुजत नाही."

मामांनी शर्टाची घडी पुन्हा घातली. उत्तर दिलं नाही.

दुपारी मामीने पानं वाढली. केळीची पानं, त्यावर भात, वालाचं बिरडं. मामांनी पहिला घास घेण्याआधी विचारलं, "हा भात रेघेच्या कुठल्या बाजूला ठेवू?"

भाचीला कळलं नाही.

"आपल्या शेतातला आहे. युरिया घातलेला. युरियाला अमोनिया लागतो, अमोनियाला हायड्रोजन, हायड्रोजन वायूतून काढतात. थळच्या खत कारखान्यात मुंबई हायच्याच वायूतून युरिया झाला. पंपाला नळ पीव्हीसीचा. माझी ताप उतरवायची गोळी बेंझीनपासून पायरी पायरीने बनते, आणि बेंझीन आज बहुतेक तेलातूनच येतं. गोळीची पट्टीही प्लास्टिकची. गाडीचं टायर काळं का असतं? जड तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी रबरात घालतात, म्हणून. नुसतं रबर पांढुरकं असतं, लवकर झिजतं." ते थांबले. "रेघ ओढायचीच तर माझ्या अंगावरून ओढावी लागेल तुला."

जेवणं काही वेळ मुकाट्याने झाली. या वादात मामांची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे, हे मान्य करायला हवं. तेल वाईट, निसर्ग चांगला, इतकं सोपं गणित मांडणाऱ्याने आपल्या ताटातल्या भाताचा हिशेब आधी द्यावा. पण भाचीचं गणित तितकं सोपं नव्हतंच. तिने हात धुतले आणि बाहेर येऊन खडूची रेघ पायाने पुसून टाकली.

"ठीक. कुठून आलं ते सोडू. किती दिवस वापरलं ते सांग."

तिने एकेक वस्तू नव्याने मांडायला घेतली. पडवीच्या एका टोकाला दूध आणलेली सकाळची पिशवी: डेअरीतून निघाल्यापासून रिकामी होईपर्यंत एक दिवस. तिच्या शेजारी वेफर्सचं चकचकीत पाकीट: दहा मिनिटं. त्यात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि धातूचा पातळ मुलामा एकत्र चिकटवलेला. वेगळे करता येत नाहीत म्हणून कुठलाही भंगारवाला ते घेत नाही. दुसऱ्या टोकाला मामांच्या चिकूच्या बागेतली ठिबकची नळी: अकरा वर्षं. मधे कुठेतरी मागच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, तुटलेल्या खांबांसकट: दीड दिवस.

"मखर मी आणलं नव्हतं," मामा पटकन म्हणाले. मार्च २०१८च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही होतं. व्यावसायिक उच्च न्यायालयात गेले, तिथेही दिलासा मिळाला नाही. तरी ते कुणा पाहुण्याने शहरातून आणलं होतं, आणि विसर्जनानंतर टाकवेना म्हणून माळ्यावर गेलं होतं.

"हीच तर गोष्ट आहे," भाची म्हणाली. "जगात बनणाऱ्या प्लास्टिकपैकी एक तृतीयांशाहून जास्त निव्वळ वेष्टनात जातं आणि बहुतेक त्याच वर्षी कचऱ्यात येतं. आजवर कचऱ्यात आलेल्या सगळ्या प्लास्टिकपैकी नऊ टक्केच पुनर्वापरात गेलं, असा २०१७ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. तुझ्या भट्टीत एका सेकंदात बनतं, दहा मिनिटं वापरतात, आणि मग माझ्या बायकांच्या हातात कायमचं." पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. भाची ते नाव नेहमी सावकाश उच्चारते. कागद, काच, पत्रा. प्लास्टिक त्या नावात नाही. आज त्याच बायकांच्या पोत्यात ते मावत नाही.

मामांनी ठिबकची नळी उचलली. त्यांचं म्हणणं असं की प्लास्टिकशिवाय ही नळी नुसती कल्पनाच राहिली असती. इस्राएलच्या सिमखा ब्लास यांना गळक्या नळाशेजारचं झाड जोमाने वाढलेलं दिसलं, पण थेंब थेंब पाणी देणारी स्वस्त, न गंजणारी, वाकणारी नळी मिळाली ती प्लास्टिक आल्यावरच. १९६५ मध्ये तिथल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, तिचं उत्पादन सुरू झालं. जळगावची केळी आणि नाशिकची द्राक्षं आज तिच्यावर उभी आहेत. "धातूच्या नळीने हे करून दाखव."

"नळीला माझा विरोधच नाही. मल्चिंग पेपरला आहे."

हा शब्द खरं तर शेतकऱ्याची फसवणूक करतो. मल्चिंग पेपर कागद नाहीच, ती पंचवीस-तीस मायक्रॉनची पॉलिथीनची फिल्म असते. तण रोखते, ओल धरते, मिरची-टोमॅटोला खूप उपयोगी. पण एका हंगामानंतर उन्हाने ठिसूळ झालेली ती फिल्म अख्खी निघत नाही. तुकडे मातीत राहतात, उरलेली बांधावर पेटवतात. भाचीने तो धूर जवळून पाहिला आहे. मामांनीही पाहिला आहे, आणि तो कारखान्यात शिकवलेल्या प्रत्येक नियमाच्या विरुद्ध आहे हे त्यांना माहीत आहे. "जाळू नये," ते एवढंच म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते तिच्या बाजूला आले होते.

रुग्णालयातल्या प्लास्टिकबद्दल मात्र दोघांचं लगेच पटलं. पूर्वी काचेची सिरिंज उकळून वापरायचे, आता एकदा वापरून फेकायची. ती फेकणं गरजेचं आहे. पण फेकल्यावर ती कुठे जाते हेही तितकंच गरजेचं. २००९ साली गुजरातेत मोडाशाला कावीळ-बीची साथ आली, माणसं दगावली, आणि तिच्यामागे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणं होतं. भाचीच्या एका सहकारी बाईला कचऱ्यात सुई टोचली होती. सहा महिने ती दर तपासणीच्या आदल्या रात्री झोपत नसे.

"मग उपाय काय तुझा? उसाचं प्लास्टिक?" मामांनी विचारलं. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथीन बनवतात. भाचीने मान हलवली. ते पॉलिथीनच. साखळी तीच, कुजत नाही, पाखरांच्या पोटात जाऊन तेच करतं. आणि ऊस? मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर लागतात आणि शेजारच्या शिवारात ऊस उभा असतो. पिशवीसाठी आणखी ऊस लावा, असं ती कुठल्या तोंडाने सांगणार?

"मग गाड्या विजेवर गेल्या की तेल आपोआप सुटेल, असं तरी वाटतं का तुला?"

आतापर्यंतचा वाद वस्तूंचा होता. या प्रश्नाने तो तेलविहिरीपर्यंत गेला. मामांनी मामीकडे ताकाचं भांडं मागितलं. "दही घुसळलं की लोणी येतं आणि ताक उरतं. लोणीच हवं, ताक नको, असं म्हणता येत नाही. १५९ लिटरच्या बॅरलचंही तसंच. त्यातून एकदम गॅस, नॅफ्था, पेट्रोल, डिझेल, बिटुमेन सगळं निघतं. इतकी वर्षं गाडीने मोठा वाटा उचलला, म्हणून प्लास्टिकचा कच्चा माल असलेला नॅफ्था परवडला आणि प्लास्टिक कवडीमोल झालं. उद्या गाडीने तेल पिणं थांबवलं तर रिफायनऱ्या बंद पडणार नाहीत. त्या रसायनांकडे वळतील. नव्या काही तशाच बांधल्या जातायत."

यात तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८च्या अहवालात म्हटलं होतं की जगाच्या तेलाच्या मागणीपैकी सुमारे १२ टक्के रसायनांच्या कच्च्या मालात जातं, आणि २०५० पर्यंत मागणीत जी वाढ होईल तिच्यातला जवळपास निम्मा वाटा पेट्रोरसायनांचा असेल. भारत आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. विजेवरची स्कूटर घेऊन दुकानात गेलो आणि परतताना हँडलला सात पिशव्या लटकवल्या, तर त्या आयातीतलं थोडं तेल हँडलवरच असतं.

"म्हणूनच म्हणते," भाची म्हणाली, "स्वस्त आहे म्हणून दहा मिनिटांचं काम त्याला देऊ नका. कवडीमोल तेल नाही, आपण लावलेली किंमत कवडीमोल आहे. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्याला वाट मिळाली नाही, त्यात गटारांत अडकलेल्या पिशव्यांचाही हात होता. तो खर्च पिशवीच्या किमतीत कुणी धरला?"

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाणे मुठीत घेताना मी नेहमी सलाईनची बाटलीच डोळ्यासमोर आणायचो. पुडी नाही." ते बचाव करत नव्हते. पंचवीस वर्षं रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाला आपण काहीतरी उपयोगाचं करतोय असं वाटणं भाग असतं, आणि ते खोटंही नव्हतं. भाची त्यांच्या शेजारी येऊन बसली.

शेवटी माळ्यावर राहिली होती एक निळी बादली. मामीच्या लग्नानंतर घेतलेली, तळाला भेग गेलेली. भाचीच्या हिशेबाने तिचं वय पस्तीस. तिने ती भंगाराच्या बाजूला ठेवली. कडक प्लास्टिक, भंगारवाला घेईल.

"थांब," मामा म्हणाले. पूर्वी गल्लीत बादल्या सांधणारे यायचे, लोखंडाचा उलथना तापवून भेगेवर प्लास्टिकची पट्टी वितळवून बसवायचे. हल्ली कुणी येत नाही. नवी बादली शंभर-दीडशेला मिळते. "पॉलिथीन एकशेतीस अंशांच्या आसपास मऊ होतं, गार झालं की पुन्हा घट्ट. तुटलेल्या टोपलीचा काठ काढ."

मामीने जुनी सुरी दिली आणि खिडक्या उघडल्या. मामांनी सुरी गॅसवर धरली. भाचीने काठाचा तुकडा भेगेवर दाबून ठेवला. सुरी टेकली तसा मेणासारखा वास आला, निळ्यावर निळं पसरलं, काठाला छोटी लाट आली. थोडा वेळ गार होऊ दिलं. मग बादली न्हाणीत नेऊन अर्धी भरली आणि पडवीच्या कोरड्या फरशीवर ठेवली. दोघंही वाकून तळाकडे पाहत राहिले.

एका कोपऱ्यातून एक थेंब आला. मग दुसरा.

मामांनी पाणी ओतून टाकलं आणि सुरी पुन्हा गॅसवर धरली.